लुंडक्विस्ट "काहीच जिंकला नाही" म्हणे

हेन्रिक लुंडक्विस्टचं नाव निघालं की एक वाक्य हमखास येतं, "आयुष्यात काहीच जिंकला नाही, दिसायला हिरो आणि टीम न्यूयॉर्कची म्हणून एवढा गाजला, 2014 ची फायनल घालवली आणि शेवटी पैशासाठी टीमही सोडली." माहीत नसेल तर सांगतो, हा स्वीडनचा आइस हॉकी गोलकीपर, न्यूयॉर्क रेंजर्सकडून 15 सीझन खेळला, 2021 ला रिटायर झाला.

आधी ते "काहीच" बघू. स्टॅनली कप, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या एनएचएल लीगची ट्रॉफी, नाही मिळाला, मान्य. पण 2006 ला तुरिनच्या ऑलिंपिक फायनलमध्ये स्वीडनने फिनलंडला 3-2 ने हरवून गोल्ड घेतलं तेव्हा गोलमध्ये कोण होतं? हाच. त्याआधी तिथल्याच फ्रोलुंडा क्लबकडून 2003 आणि 2005 ला स्वीडिश लीग, आणि 2017 ची वर्ल्ड चॅम्पियनशिप, तिथे कॅप्टन त्याचाच जुळा भाऊ योएल, फायनल शूटआउटला गेली आणि कॅनडाच्या एकालाही याने पक (आइस हॉकीची चकती) आत टाकू दिला नाही. हे सगळं अमेरिकेच्या लीगबाहेरचं म्हणून धरायचंच नाही का? द्रविडने पण खेळाडू म्हणून वर्ल्ड कप नाही जिंकला, बोला.

आता 2014 ची स्टॅनली कप फायनल, ती एक मॅच नसते, चार मॅच आधी जिंकेल त्याची सीरिज असते. लॉस एंजेलिस किंग्जकडून 4-1 हरले, आकडा बघून वाटतं धुलाई झाली, पण त्या चार पराभवांतले तीन ओव्हरटाइममध्ये (बरोबरीनंतरच्या जादा वेळेत) गेलेत आणि त्यातले दोन तर डबल ओव्हरटाइम. दुसऱ्या मॅचला 4-2 ची लीड गेली, पाच गोल खाल्ले, तिथे त्याला पण बोल लावा, माझी हरकत नाही. पण शेवटच्या मॅचला 51 शॉट आले, 48 अडवले, तरी 3-2 ने हरले, अजून काय करायचं होतं त्याने, पुढे जाऊन गोल पण मारायचे?

देखणा आहे, सूट पण भारी घालतो, नाही कोण म्हणतंय. पण 2000 च्या ड्राफ्टमध्ये (एनएचएलचे क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) 205 वा निवडलेला पोरगा होता हा. पहिल्या सातही सीझनमध्ये 30 किंवा जास्त विजय, असं करणारा एनएचएलमधला पहिला गोलकीपर, एकूण विजय 459. 2012 ची वेझिना ट्रॉफी, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम गोलकीपरची, मिळाली, ती क्लबांचे जनरल मॅनेजर मतं देऊन ठरवतात, पोरी नाही. आणि न्यूयॉर्कमुळे गाजला म्हणता, तर तो येण्याआधी हेच न्यूयॉर्क सलग सात सीझन प्लेऑफपर्यंत पोचलं नव्हतं, हा आला त्या पहिल्याच सीझनला पोचलं (टीममधल्या यागरने त्या वर्षी गोलांचा पाऊस पाडला होता, त्याचंही श्रेय आहेच).

राहिलं पैशासाठी टीम सोडली वगैरे. अहो, 2020 ला रेंजर्सनेच कॉन्ट्रॅक्ट बाय-आउट करून (पैसे देऊन मुदतीआधीच संपवून) त्याला मोकळं केलं, मग वॉशिंग्टनच्या टीमने घेतलं, पण हृदयाचं दुखणं निघालं, ओपन हार्ट सर्जरी झाली आणि तिथे एकही मॅच न खेळता थांबावं लागलं. ज्या क्लबने मोकळं केलं त्यांनीच जानेवारी 2022 ला त्याची 30 नंबरची जर्सी आपल्या घरच्या मैदानाच्या, मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या छताला मानाने टांगली.