खडी तर आहे की!

माशांच्या टाकीवरचा दिवा गेला. दिवे जातातच, त्यात काही विशेष नाही. माझं चुकलं एवढंच, की शेजारच्या काकांनी "काय रे, काय झालं?" विचारल्यावर सरळ "चोक गेलाय" म्हणण्याऐवजी मी जरा भाव खात म्हणालो, "बॅलास्ट गेलाय."

काका रेल्वेतून निवृत्त. तेही कचेरीतल्या खुर्चीवरून नव्हे, रुळांवरून. उभी हयात रूळ, स्लीपर आणि त्यांच्याखालची खडी यांत गेली. आणि रेल्वेत त्या खडीलाच बॅलास्ट म्हणतात. काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, टाकीपाशी वाकले, तळाकडे बराच वेळ निरखून बघितलं आणि म्हणाले, "खडी तर आहे की!"

मग थोडं थांबून, "जरा बारीक आहे. पण आहे."

मी समजावलं. "काका, हा दिव्याचा बॅलास्ट. ट्यूबमधून एकदा करंट वाहायला लागला की तिचा विरोध कमी होत जातो, म्हणून करंट आणखी वाढतो, म्हणून विरोध आणखी कमी होतो. आवरायला कुणी नसेल तर ट्यूब तिथल्या तिथे जळून जाईल. तिला आवरणारा हा डबा."

"म्हणजे गाडी घसरू नये म्हणून."

"हो."

हा "हो" मला फार महागात पडला. त्या क्षणापासून काका कामावर रुजू झाले. घरी जाऊन स्वतःची बॅटरी घेऊन आले. ही बॅटरी काका जिकडे बघतात तिकडे प्रकाश टाकते आणि काका बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात. त्यामुळे पुढचा तासभर माझे दात लख्ख दिसत होते आणि वायरी अंधारात.

टाकीवर ३९ वॅटच्या दोन टी-५ ट्यूब आहेत. १६ मिलिमीटर जाडीच्या, ८४९ मिलिमीटर लांबीच्या. दोन्ही एकदम गेल्या. दोन्ही एकदम गेल्या म्हणजे चोकच, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नये. दोन ट्यूबच्या बऱ्याच चोकमध्ये एक ट्यूब मेली की दुसरीही विझते. म्हणून आधी चालू असलेल्या दोन ट्यूब दोन्ही जागी लावून बघायच्या. त्याही पेटल्या नाहीत तर होल्डर बघायचे: दमट हवेने पितळेवर हिरवट थर धरतो आणि ते पितळ पिनेला नुसतं टेकतं, चिकटत नाही. ते घासूनही अंधारच, आणि चोकपर्यंत वीज येतेय, तर मग चोक. मी मात्र पहिल्याच दिवशी नव्या ट्यूबची जोडी आणून ठेवली होती. ती आता कपाटात आहे. त्याबद्दल घरात कुणी काही बोलत नाही, नुसतं कपाट उघडतात.

"स्टार्टर फिरवून बघ," काका माझ्या दातांवर प्रकाश टाकत म्हणाले.

इलेक्ट्रॉनिक चोकला स्टार्टर नसतो. असता तर मी फिरवला असता. जुना लोखंडी चोक, तो वजनदार, गुणगुणणारा, त्याला असायचा. त्या चोकवर ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकायची, पण मल्टिमीटर लावला की दोन आकडी ओहम (विरोधाचं माप) दाखवून तो आपली तब्येत प्रामाणिकपणे सांगायचा. काहीच दाखवलं नाही तर आतली तार तुटली, विषय संपला. इलेक्ट्रॉनिक चोक सेकंदाला २० हजारांहून जास्त वेळा करंट उलटसुलट करतो, हलका असतो, गुणगुणत नाही, आणि जातानाही काही बोलत नाही. माझा उघडला तर वीज साठवणाऱ्या कपॅसिटरचं डोकं फुगलेलं आणि सर्किटवर पांढरी बुरशीसारखी पूड. (उघडायचाच असेल तर प्लग काढून आधी काही मिनिटं थांबावं. २३० व्होल्टच्या लाइनवर आतला कपॅसिटर तीनशेच्या वर व्होल्ट धरून बसलेला असतो आणि प्लग काढल्याचं त्याला कुणी कळवत नाही.)

तो मेला ओलीने. आणि इथे माझा विनोद संपतो. ज्याला ओल आणि उष्णता या दोन गोष्टींचं वावडं आहे, तो डबा कोमट पाण्याच्या चार बोटं वर, बंद झाकणात, दोन तापलेल्या ट्यूबच्या मधोमध बसवायचा, ही बुद्धी कारखान्यात कुणाला होते? तिथून तो काही वर्षांत मरणार हे त्यांनाही ठाऊक असतं. झाकण मात्र असं जोडतात की खालचे स्क्रू उघडायला आधी वरची पट्टी तोडावी लागते.

"एलईडी लावून टाक" म्हणणारेही आहेतच. युरोपात टी-५ आणि टी-८ ट्यूब नव्याने बाजारात आणणं २०२३ च्या ऑगस्टमध्ये बंद झालं, पाऱ्यावरच्या (तो या ट्यूबमध्ये असतो) मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारातही २०२७ पर्यंत त्यांचं उत्पादन थांबवायचं ठरलंय. सगळं मान्य. पण काही एलईडी ट्यूब चोकवर चालतात, काहींना चोक काढून थेट लाइन द्यावी लागते, आणि ते न वाचता लावणाऱ्याचं पुढे काय होतं तेही मी पाहिलंय.

पट्टी तोडून मी स्क्रूला हात घालणार, तेवढ्यात काका गरजले, "ब्लॉक घेतलास?"

रुळावर काम करायचं तर त्या वेळेपुरती गाड्यांची वाहतूक बंद करून घेतात, तो ब्लॉक. मी हसून प्लग दाखवला. "हा काय, काढलाय."

काकांनी पहिल्यांदाच माझ्या तोंडावरची बॅटरी हलवली. प्लगच्या वायरीवर धरली आणि तिच्यामागे चालत चालत टाकीच्या मागच्या बाजूला गेले. "ही तर हवेच्या पंपाची. बुडबुडे कधीचे बंद आहेत, बघ."

एका बोर्डवर चार काळे प्लग, चारही सारखे. दिवा मेलेला, त्यामुळे लाइन चालू आहे की बंद हे सांगायला दिवाही नाही. काका एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी मुख्य स्विच पाडला, माझं भांडी पुसायचं लाल फडकं त्याला बांधलं आणि शेजारी खुर्ची टाकून बसले.

बाकीचं काम तसं सोपं. अख्खं झाकण टाकीवरून उतरवून कोरड्या जमिनीवर ठेवलं; पाण्यावर वाकून काम करायचं नाही. जोडणीचा फोटो काढला. जुन्या वायरी चोकच्या अगदी जवळून कापल्या, म्हणजे झाकणाकडे लांब राहतात. टोकं ८-९ मिलिमीटर सोलली. दोन ट्यूबच्या आठ पिनांच्या आठ वायरी आणि नव्या चोकवर सात भोकं, हे बघून घाम फुटतो. पण आकृती चोकवरच छापलेली असते आणि दोन वायरी एकाच टर्मिनलमध्ये जातात. चोकवर लिहिलेले वॅट आणि ट्यूबची संख्या जुळलीच पाहिजे. हिरवी-पिवळी अर्थची वायर ट्यूबमागच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यालाही लागलीच पाहिजे. नाहीतर ट्यूब कधी पेटते, कधी लहरीवर असते.

चोक या वेळी झाकणात नाही, टाकीबाहेर, स्टँडशेजारच्या खोलीच्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेच्या वर. प्लगकडे जाणाऱ्या वायरीला खाली एक झोळ दिला, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब झोळातून जमिनीवर पडतो, बोर्डात शिरत नाही.

"पाण्याचा निचरा," काका खुर्चीतून म्हणाले. "बॅलास्टचं तेच तर काम."

हे बरोबर आहे. रुळाखालच्या खडीचं एक काम निचऱ्याचंच असतं. मला फार राग आला.

होल्डरच्या रबरी टोप्या घट्ट बसवल्या, झाकण ठेवलं. ३० मिलिअँपिअरचा गळती पकडणारा ब्रेकर आहे ना, ते बघितलं; त्याचं बटण वीज आल्यावर दाबून तपासायचं. मग मी स्विचकडे वळलो, तर फडकं सोडून काका तिथे आधीच उभे.

"ब्लॉक क्लिअर," म्हणाले आणि स्विच त्यांनीच दाबला.

ट्यूब एका दमात पेटल्या. सगळे मासे एका दगडामागे घुसले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. काकांनी टाकीचा दिवा दुरुस्त केल्याचं तोपर्यंत सगळ्या जिन्याला कळलं होतं. माझा उल्लेख होता, नाही असं नाही. मी "बॅटरी धरायला" होतो.

काल ते पुन्हा येऊन गेले. दिव्याकडे बघितलंसुद्धा नाही. वाकून तळ बघितला, काचेवर नखाने टकटक केली.

"पुढच्या रविवारी खडी चाळून घेऊ. मी फडकं घेऊन येतो."