पॉप-अपसाठी मुलीला ओरडण्याआधी तिची बॅट कुठून येते ते पाहा

गेल्या रविवारी सांगलीत मुलींच्या सॉफ्टबॉलचा एक सराव सामना पाहिला. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर आमच्या मुली होत्या, एकही बाद नव्हती आणि बॅटिंगला माझी आठवीतली पुतणी उभी होती. तिने सगळा जोर लावून बॅट फिरवली, चेंडू सरळ आकाशात गेला आणि तो खाली येण्याआधीच अंपायरने इनफिल्ड फ्लाय (बेसवर खेळाडू असताना आतल्या मैदानात उडालेला सोपा झेल, ज्यावर झेल होण्याआधीच बॅटर बाद ठरते) पुकारून तिला बाद दिले. त्या सामन्यातला तिचा तो दुसरा पॉप-अप, म्हणजे सरळ वर उडालेला फटका, होता. मैदानाबाहेरून प्रशिक्षकांचा आणि पालकांचा एकच आवाज आला, "खांदा पाडू नको, वरून मार, वरून!" पुढच्या पाळीला तिने खरोखरच लाकूड फोडल्यासारखी वरून बॅट आणली आणि चेंडू पुन्हा उंच उडून मागे गेला, तो कॅचरने झेलला. परतताना ती मला म्हणाली, "काका, सांगितलं तसंच केलं होतं मी." तिचे म्हणणे खरे होते, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

पॉप-अप हा बॅटरचा सर्वांत निरुपयोगी फटका आहे, याबद्दल माझे दुमत नाही. चेंडू जमिनीवरून गेला तर क्षेत्ररक्षकाला तो अडवावा लागतो, उचलून अचूक फेकावा लागतो, पहिल्या बेसवरच्या खेळाडूला तो पकडावा लागतो आणि हे सारे बॅटर 60 फूट धावून बेसवर पोहोचण्याच्या आत व्हावे लागते. शालेय पातळीवर या साखळीतली एखादी कडी नेहमी निसटते. पॉप-अपमध्ये मात्र समोरच्या संघाला एक सोपा झेल घ्यायचा असतो, आणि बेसवरच्या मुली जागच्या जागी अडकून पडतात. तरीही "वरून मार" हा त्यावरचा उपाय नाही, असे माझे ठाम मत आहे.

चेंडू गोल आहे आणि बॅटही गोल आहे. 12 इंच परिघाच्या चेंडूचा व्यास साधारण पावणेदहा सेंटीमीटर भरतो, तर बॅटची जाडी सर्वांत फुगीर जागीसुद्धा नियमाने सव्वादोन इंचांपेक्षा, म्हणजे 5.7 सेंटीमीटरपेक्षा अधिक असू शकत नाही. अशा दोन गोल वस्तूंची गाठ मध्यापासून दोन बोटे खाली पडली तरी चेंडू वर जातो. आता पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणारीच्या, मांडीजवळून सुटलेला चेंडू बॅटरसमोरच्या प्लेटपर्यंत येतो तो जवळजवळ आडवा, थोडासा उतरत येतो. बॅट त्याच्याच वाटेवर काही अंतर समोरून चालत आली, तर क्षणभर उशीर किंवा घाई झाली तरी गाठ नीट पडते. बॅट वरून कुऱ्हाडीसारखी उतरली, तर ती त्या वाटेला एकाच बिंदूत छेदते. तो क्षण चुकला की ती एक तर चेंडूच्या डोक्यावर आदळते किंवा त्याच्या पोटाखाली शिरते. महिलांच्या सामन्यात पिचिंगचे अंतर 43 फूट, म्हणजे 13.11 मीटर असते, आणि ताशी 80 किलोमीटर वेगाच्या चेंडूला तेवढे अंतर कापायला अर्धा-पाऊण सेकंदही पुरतो. एवढ्या वेळात तो एक बिंदू नेमका गाठायला मुलीला सांगणे अन्यायाचे आहे.

मग मूळ दोष कुठे असतो? आमच्या भागातल्या मुलांचा हात आधी टेनिस चेंडूच्या क्रिकेटवर बसलेला असतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते. तिथे टप्पा पडून वर येणाऱ्या चेंडूखाली बॅट घालून तो उचलायचा असतो, आणि गल्लीत कौतुक होते ते त्याच उचललेल्या फटक्याचे. विटीदांडूत तर विटीच्या टोकावर टोला मारून ती आधी उडवणे हाच खेळ. हे संस्कार वाईट नाहीत, त्यांनी नजर आणि मनगट तयार होते. मात्र तीच सवय सॉफ्टबॉलच्या प्लेटवर आली की हात आधी कमरेकडे उतरतात, बॅटचे टोक त्याहूनही खाली लोंबते, वजन मागच्या पायावर बसते आणि छाती आभाळाकडे उघडते. खांदा पडलेला दिसतो तो या सगळ्याचा परिणाम म्हणून. शिवाय गुडघ्याजवळचा चेंडू मारताना उत्तम बॅटरचाही मागचा खांदा थोडा झुकतो आणि तो झुकायलाच हवा. दोष आहे तो कंबर वळण्याआधीच खांदा कोसळण्यात.

दुसरे कारण बॅटच्या वजनाचे, आणि ते दुरुस्त करायला सर्वांत सोपे. पुष्कळ संघांत दोन-तीनच बॅट असतात आणि मोठ्या मुलींसाठी घेतलेली जड बॅट लहानींच्या हाती येते. मी एक साधी परीक्षा घेतो : मुलीने एका हाताने बॅट खांद्याच्या रेषेत बाजूला सरळ धरावी, आणि वीस सेकंदांच्या आत हात थरथरू लागला तर ती बॅट तिच्यासाठी जड समजावी. हलकी बॅट मिळत नसेल तर मूठ दोन-तीन बोटे वर सरकवून धरायला सांगावे. माझ्या पुतणीच्या बाबतीत निम्मा दोष इथेच होता.

उरलेल्या दोषासाठी आम्ही घरामागे सोय केली आहे. सिमेंट भरलेल्या रंगाच्या डब्यात प्लॅस्टिकचा पाइप रोवून त्याच्या टोकाला ट्रॅक्टरच्या रेडिएटरचा जुना रबरी पाइप बसवला की टी, म्हणजे वर चेंडू ठेवून मारायचा खांब, तयार होते, आणि द्राक्षबागेवर पक्ष्यांसाठी टाकतात ती जाळी दुहेरी करून बांधली की चेंडू अडतो. टी छातीच्या उंचीवर ठेवायची आणि चेंडू समोरच्या जाळीत त्याच उंचीवर मारायचा, एवढेच काम. हात आधी खाली पडले तर बॅट रबराला लागते आणि चूक कोणी न सांगता तिची तिलाच कळते. त्यानंतर मागच्या पायापाशी दुसरी टी, पहिलीपेक्षा थोडी बुटकी, उभी केली. बॅटचे टोक लोंबले की ती पडते. चेंडूवर मध्यभागी शाईची आडवी रेघ ओढून रेघेच्या किंचित वर पाहायला सांगितले, तेव्हा डोकेही स्थिर राहू लागले.

हे चालू असताना तिला एका वेळी एकच गोष्ट सांगावी, अशी माझी प्रशिक्षकांना कळकळीची विनंती आहे. खांदा, हात, कंबर, डोके अशा चार सूचना चेंडू सुटायच्या क्षणी कानावर आल्या, तर तेरा वर्षांची मुलगी त्यांतली एकही पाळू शकत नाही आणि चेंडू मात्र तिच्या नजरेतून सुटतो.

आणखी एक गोष्ट सरावात सुटते, ती म्हणजे चेंडूची निवड. स्ट्राइक झोनच्या, म्हणजे ज्या पट्ट्यातला चेंडू मारण्याजोगा धरतात त्याच्या, वरच्या कडेला येणारा चेंडू डोळ्यांसमोर असल्यामुळे मोठा आणि सोपा दिसतो, पण त्याच्यापर्यंत बॅट वेळेत चढत नाही आणि ती त्याच्या खालून जाते. दोन स्ट्राइक (हुकलेले किंवा सोडलेले मारण्याजोगे चेंडू) होईपर्यंत छातीवरचा चेंडू सोडायचा, असे आम्ही ठरवले आहे. सॉफ्ट टॉसच्या, म्हणजे जवळून हळू चेंडू टाकून देण्याच्या सरावाच्या, वेळी मी मुद्दाम मधूनमधून उंच चेंडू टाकतो आणि तिने तो सोडला की तेही बरोबर धरतो.

तीन दिवसांत जाळीवर रोज साठ-सत्तर चेंडू झाले. काल संध्याकाळी त्यांतले तीन-चारच जाळीच्या वरच्या दोरीला लागले, बाकी सगळे खाली बसले. येत्या रविवारी पुन्हा सामना आहे. त्या दिवशी कुंपणाबाहेरून फक्त "चेंडू बघ" एवढेच म्हणायचे, असे मी तिच्या आईवडिलांनाही सांगून ठेवले आहे.