३०१८ला ‘खेळणं’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

घरच्या वर्कशॉपसाठी पहिलं सीएनसी (कॉम्प्युटरच्या सूचनांवर कापणारं मशीन) म्हणून ३०१८, म्हणजे ३०० बाय १८० मिमी कामाच्या जागेचं टेबलावरचं छोटं मशीन घ्यावं, असं मी लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं की ते खेळणं आहे, घ्यायचं तर बॉल स्क्रूचं (गोळ्यांवर फिरणाऱ्या अचूक स्क्रूचं) मोठं ६०४० आणि दीड किलोवॅटचं स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) घ्यावं. इथवर ठीक. पण शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘लेखकाने आयुष्यात कधी ॲल्युमिनियमला कटर लावलाय का?’

लावलाय. भोसरीच्या एमआयडीसीत मी कित्येक वर्षं व्हीएमसीवर (कारखान्यातलं मोठं उभं सीएनसी मशीन) सेटर होतो. पहिल्या पाळीला जाऊन जॉब लावायचा, डायल फिरवून व्हाइस सरळ करायचा, सुपरवायझर डोक्यावर उभा असताना पहिला पीस पास करून घ्यायचा, हे सगळं केलंय. तुम्ही कोण, काय करता, हे मी विचारलेलं नाही. मलाही कुणी असं विचारू नये, एवढी अपेक्षा ठेवली तर बिघडलं कुठे?

आणि ॲल्युमिनियम ३०१८वर कापलं जातं. नवखा माणूस घाबरून फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) कमी करतो, तिथे गणित चुकतं. स्पिंडल १०,००० आरपीएमला, कटर एका दाताचा आणि फीड मिनिटाला १०० मिमी, म्हणजे दर फेरीला दाताच्या वाट्याला जेमतेम ०.०१ मिमी. दात कापत नाही, नुसता घासतो. चिप सुटत नाही, करडी भुकटी पडते, धातू दाताला चिकटतो आणि कटर तुटतो. तेच फीड ३०० करा, डेप्थ (एका फेरीत कापायची खोली) ०.१ मिमीवर आणा, जॉब घट्ट धरा. बारीक चकचकीत चिपा उडायला लागतात. वेळ लागतो, पण काम होतं. हे मी करून बघितलंय, ऐकीव सांगत नाही.

३०१८च्या स्पिंडलबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. त्यातल्या ७७५ मोटरचे ब्रश झिजतात आणि रनआउटही (फिरताना कटरचं डगमगणं) असतो. मान्य.

पण शिकणाऱ्याचा विचार तुम्ही केलाच नाहीत. झेडचा झिरो (कटर खाली कुठून मोजायचं ती उंची) चुकला तर ३०१८ची कटर वर-खाली करणारी छोटी नेमा १७ मोटर बहुतेक वेळा स्टेप सोडते, कर्रर्र आवाज येतो, फार तर कटर जातो. तीच चूक ६०४०वर झाली तर कटर जॉबमधून थेट बेडमध्ये शिरतो. शिवाय व्हीएफडी (स्पिंडलचा वेग सांभाळणारा कंट्रोलर), स्पिंडल थंड ठेवायचा पाण्याचा पंप, मशीनचं वजन आणि फ्लॅटमध्ये खालच्या मजल्यावर जाणारा आवाज! ज्याला अजून क्लॅम्प कुठे लावावा हे कळत नाही, त्याच्या गळ्यात हे सगळं का मारायचं? कुणी हौसेने पहिलं मशीन घेतो, तेव्हा ‘खेळणं’ हा शब्द त्याला फार लागतो. या लोकांसाठीच मी लिहितो, म्हणून मला राग आला.

रिजिडिटी (मशीनचा ताठपणा), रीसेल, बॅकलॅश (स्क्रूतली ढील) हे बाकीचे मुद्दे नेहमीचेच आहेत, त्यात मी शिरत नाही. तुमच्या ६०४०वर ॲल्युमिनियमला डेप्थ किती, फीड किती आणि कटर कोणता, तेवढं मात्र लिहा. ते आकडे इथल्या प्रत्येकाच्या कामाला येतील.