पावडर जुनी नव्हती, साहेब

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला मनस्ताप झाला आणि फोनवर आमचं बोलणं तुटक वाटलं, त्याबद्दल माफी मागतो. पण 'जुना माल गळ्यात मारला' हे वाक्य मात्र लागलं. दुकान छोटं आहे, नवीन गिऱ्हाईक रिव्ह्यू वाचूनच येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही पावडर कोटिंगसाठी (धातूवर गनने उडवून, भाजून पक्का करायचा कोरडा रंग) ग्लॉस ब्लॅक पॉलिस्टर पावडर नेलीत, गाडीच्या पार्टवर मारलीत आणि घरच्या ओटीजीत (छोट्या इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये) 'पिशवीवर लिहिल्याप्रमाणे 200 ला 10 मिनिटं' भाजलीत. नंतर पेट्रोल सांडलं आणि फूटरेस्टच्या ब्रॅकेटवरचा रंग नखाने निघाला. पिशवीवर छापलंय ते असं: 'मेटल टेंपरेचर 200, 10 मिनिटं'. म्हणजे पार्ट स्वतः 200 अंशांना पोचला, की तिथून पुढे 10 मिनिटं. दार लावल्यापासून नाही. ओटीजीचा काटा आतली हवा मोजतो, तोही पंधरा-वीस अंश इकडेतिकडे असतो. जाड लोखंडी ब्रॅकेट तापायलाच वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. पावडर शंभर-सव्वाशे अंशांनाच वितळून पसरते, चकाकी येते, आणि झालं असं वाटतं. रंगाच्या रेणूंचं घट्ट जाळं बांधलं जातं ते त्यानंतर, पूर्ण उष्णतेवर. ते झालं नसेल तर पेट्रोल रंग मऊ करणारच.

के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी वायर) लागणारं मल्टिमीटर घ्या आणि वायरचं टोक पार्टच्या सगळ्यात जाड भागाला टेकवा. लेझरवाला थर्मामीटर चकचकीत धातूवर फसवतो. पार्ट थंड झाला की कापडाला एमईके (थिनरसारखं तीव्र सॉल्व्हंट) लावून घासून बघा, हातमोजे घालून आणि खिडकी उघडी ठेवून. कापड काळं झालं तर भाजणं अपुरं आहे.

पावडर खरंच जुनी किंवा ओल धरलेली असती तर गुठळ्या झाल्या असत्या, गनमधून अडखळत आली असती, आणि भाजल्यावर संत्र्याच्या सालीसारखा पोत आला असता. तुम्ही टाकलेल्या फोटोत ब्रॅकेट आरशासारखं सपाट आहे. बॅच आणि तारीख पिशवीवर आहे, तिचाही फोटो टाकला असतात तर बरं झालं असतं.

इंजिन कव्हरवर रंगात बारीक भोकं पडली, तो प्रश्न वेगळा. ते ओतीव ॲल्युमिनियम, त्याच्या छिद्रांत वर्षानुवर्षांचं ऑइल मुरलेलं. वरून थिनरने पुसलं तरी आतलं तसंच राहतं, आणि भाजताना त्याची वाफ रंग फोडून बाहेर येते. कोल्हापुरात कास्टिंगचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा. आधी जुना रंग काढून, डीग्रीज करून (तेलकटपणा काढून), रिकामा पार्ट 220-230 अंशांना अर्धा-पाऊण तास तापवायचा. डाग वर आले तर पुसून पुन्हा तापवायचा. मग गार करून, हात न लावता पावडर मारायची, थराची जाडी 60 ते 80 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पावडर विजेच्या भाराने चिकटते, म्हणून अर्थिंगची क्लिप उघड्या धातूलाच हवी, रंगलेल्या हुकाला लावली तर कोपऱ्यांत पावडर धरतच नाही. हे सगळं काउंटरवर सांगितलं होतं. तुम्ही घाईत होतात.

फोटोत मागे केकचा साचा दिसतोय म्हणून सांगतो, त्या ओटीजीत आता खायचं काही करू नका. आणि गॅसच्या शेगडीजवळ पावडर उडवू नका, हवेत पसरलेली पावडर पेट घेते.

उघडलेली पिशवी परत घेता येत नाही. पावडर ओल धरते, दुसऱ्याला कशी द्यायची? पण ब्रॅकेट आणि कव्हर घेऊन या, दोन्ही नीट करून देऊ. पावडरीचे पैसे घेणार नाही, ब्लास्टिंगचं (बारीक खड्यांच्या माऱ्याने जुना रंग काढण्याचं) जे होईल ते द्या. पिशवीवरची अक्षरं मोठी करायचं बघतोय, मराठीतही छापू.

सोमवारी दुकान बंद असतं. बाकी कधीही या, फक्त आधी फोन करा. आणि जमलं तर रिव्ह्यूतला 'जुना माल' तेवढा काढून टाका.