सीमाभागात बॅग हरवायची असेल तर

पुण्या-मुंबईकडं बॅग हरवली की ती नुसती हरवते. बेळगावात तेवढ्यावर भागत नाही. इथं ती कुठल्या राज्यात हरवली हे आधी ठरवावं लागतं, आणि कुठलं गाव कुठल्या राज्यात असावं हा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. तेव्हा बॅग हरवायचा विचार असेल तर थोडी तयारी करून घ्या.

जागा नीट निवडा. सीबीटी, म्हणजे बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकासारखी जागा नाही. खानापूरची गाडी फलाटाला लागायच्या आतच तिच्यामागं धावत सुटा आणि खिडकीतून बॅग सीटवर टाका. जागा धरायची ही आपली पिढीजात पद्धत आहे, ती सोडायची नाही. तुम्ही दारातल्या रेट्यातून आत पोचता तेव्हा सीटवर एक आजी बसलेल्या असतात आणि बॅग नसते. आजींना विचारलंत तर म्हणतात, “मी आलो तवा काय नव्हतं बघा हितं.” जून २०२३ मध्ये कर्नाटक सरकारची शक्ती योजना आली, सरकारी गाडीत बायकांचा प्रवास फुकट झाला आणि दारातला रेटा वाढला. (योजना चांगलीच आहे. गाड्याही त्याच हिशेबानं वाढवल्या असत्या तर खिसेकापूंचे हाल झाले असते, एवढंच.) सौंदत्तीच्या यल्लम्माची पौर्णिमा किंवा गणपती विसर्जनाची मिरवणूक साधता आली तर उत्तमच.

मात्र नोव्हेंबर-डिसेंबर टाळा. एक नोव्हेंबरला एका रस्त्यावर कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसऱ्या रस्त्यावर मराठी भाषकांचा काळा दिन, दोन्हीकडं बंदोबस्त. डिसेंबरात हलग्याच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, मग सगळा फौजफाटा तिकडं. त्या दिवसांत बॅग हरवणं म्हणजे पोलिसांना उगाच त्रास देणं.

बॅगेत काय ठेवावं? सगळं. आधार कार्ड मूळ प्रतीसह, बँकेचं पासबुक, एटीएम कार्ड आणि त्यालाच चिकटवलेली पिनची चिठ्ठी, घराची किल्ली, मोबाईल. चोराला चार ठिकाणी हात घालायला लावू नये. पण किमतीकडं लक्ष ठेवा. नव्या फौजदारी कायद्यांत पाच हजारांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी (गाडीतली नव्हे) अदखलपात्र धरली आहे. म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पोलीस तपासालासुद्धा हात लावू शकत नाहीत. शिवाय चोर पहिल्यांदाच सापडला असेल आणि त्यानं माल परत केला तर शिक्षा काय, समाजसेवा. बाजारातनं आणलेली बॅग, जुना मोबाईल आणि पावण्यांसाठी घेतलेला अर्धा किलो कुंदा एवढ्यानं पाच हजार होत नाहीत. ठाण्यात “जुनाच होता की ओ” असं प्रामाणिकपणे सांगणारे लोक असतात. त्यांचा तपास तिथंच संपतो. घरातनं निघताना बॅगेत एखादी चांगली वस्तू टाकायला विसरू नका.

बॅग गेल्यावर लगेच ठाण्याकडं पळू नका. आधी भोवतीच्या लोकांना बोलू द्या, तो त्यांचा हक्क आहे. “खिडकीतनं टाकलासा कशाला?” “आमच्या भाच्याचं पण असंच झालंतं, त्याची तर लग्नाची साडी होती.” “तो निळ्या शर्टवाला मघापासनं फिरतोय म्हटलो मी.” निळा शर्टवाला दिसला होता तर तेव्हाच का नाही बोललात, असं विचारू नये. माणूस दुखावतो आणि साक्षीदार जातो.

आता ठाणं. बॅग सीबीटीवर गेली असेल तर सोपं. खरी मजा कोल्हापूर-बेळगाव गाडीत जाण्यात आहे. कागलला डोळा लागला, संकेश्वरला जाग आली आणि बॅग गायब. मध्ये दोन राज्यांच्या हद्दीवरचा कोगनोळीचा नाका आला. बॅग नाक्याच्या अलीकडं गेली की पलीकडं? कागल म्हणतं कर्नाटकात विचारा, निपाणी म्हणते महाराष्ट्रात विचारा. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं लिहिलंय, हे तुम्हाला तिथं आठवेल. आठवू द्या, बोलू नका. ठाणे अंमलदारासमोर सीमाप्रश्न काढला की बॅगेचा प्रश्न मागं पडतो.

कायदा तुमच्या बाजूनं आहे बरं का. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं गुन्हा कुठंही घडो, दखलपात्र असेल तर कुठल्याही ठाण्यानं तक्रार लिहून घ्यायची आहे. ऑनलाईन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट. नाहीच घेतली तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवायचं. हे सगळं काउंटरवर तोंडपाठ म्हणून दाखवा. समोरचे साहेब शांतपणे ऐकून घेतील, तुमचं शिक्षण विचारतील आणि म्हणतील, “नाळे बर्री, साहेब्रु इल्ल.” उद्या या, साहेब नाहीत.

उद्या साहेब असतात. तक्रार तुम्ही मराठीत सांगता, हवालदार कन्नडमध्ये लिहितात आणि तुम्ही खाली सही ठोकता. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे, तो जरूर वापरा. तुम्ही “चोरीला गेली” म्हणून सांगितलेली बॅग कागदावर बहुतेक वेळा “हरवलेली” असते. चोरी म्हटलं की चोर शोधावा लागतो. हरवली म्हटलं की तुम्हीच शोधायची.

मोबाईलचं प्रकरण वेगळं, तिथं मात्र सरकारनं मनावर घेतलंय. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर जायचं, पंधरा आकडी आयएमईआय नंबर टाकायचा, की फोन देशभर बंद. आयएमईआय फोनच्या खोक्यावर असतो. खोकं आईनं बटणं ठेवायला घेतलेलं असतं, ते शोधा. पोलिसांच्या तक्रारीची प्रत जोडा, ती मिळाली असेल तर. मग ओटीपी येईल. कशावर? मोबाईलवर. म्हणून त्याच नंबराचं नवं सिम काढायला जा. दुकानदार आधार मागतो. आधार बॅगेत. ई-आधार उतरवून घ्यावं म्हटलं तर त्याचा ओटीपी जुन्या नंबरावर, आणि तो नंबर सध्या निळ्या शर्टाच्या खिशात. शेवटी अंगठा टेकून सिम मिळतं, तर त्यावर पहिले चोवीस तास एसएमएस येत नाहीत. फसवणूक होऊ नये म्हणून केलेली ही सोय आहे. या चोवीस तासांत बँकेत प्रत्यक्ष जाऊन कार्ड बंद करून या. रांगेत तुमच्यासारखे आणखी भेटतील. ज्या बाईंचं आधार गेलं आणि दुसरं ओळखपत्रही जवळ नाही त्यांना कंडक्टर शक्ती योजनेचं शून्य रुपयाचं तिकीट देत नाही, त्यामुळं चोरी कळवायला ठाण्यात जायचं तर पूर्ण तिकीट काढून जायचं.

तोवर घरात मावशी अंजनवाल्याचं नाव काढतील. जा. हळदकुंकू, लिंबू, अंगठ्याच्या नखावर काजळ, आणि समोर एखादं लहान पोर बसवलेलं. पोराला नखात चोर दिसतो. तो उत्तरेकडं गेलाय, पाण्याजवळ आहे. उत्तरेला मार्कंडेय नदी आहे आणि तिच्याही पुढं महाराष्ट्र आहे. म्हणजे अंजनवाल्यानंसुद्धा हद्दीबाहेर टाकून हात झटकले. फी मात्र त्यानं इकडंच घेतली.

सोबत व्हॉट्सॲपवर एक मजकूर सोडून द्या: काळी बॅग, सापडल्यास कळवा, माणुसकी म्हणून पुढं पाठवा. लोक पाठवतात. बॅग मिळाल्यावरही कित्येक महिने चंदगडहून, सावंतवाडीहून फोन येत राहतात, “अजून सापडली नाही का हो?”

होय, मिळतेही. पोलीस टोळी पकडतात, मग एके दिवशी मैदानात टेबलं लावून सगळा मुद्देमाल मांडतात: साखळ्या, मोबाईल, दुचाकी, आणि कोपऱ्यात तुमची बॅग. तुम्हाला बोलावणं येतं. चांगले कपडे घालून जा. मराठी चॅनेलवाल्याला मराठीत सांगायचं, कन्नड चॅनेलवाल्याला “तुंबा धन्यवाद”. साहेबांच्या हातून बॅग घेताना कॅमेऱ्याकडं बघायचं, बॅगेकडं नाही. फोटो निघाला की ती परत टेबलावर ठेवा, कोर्टाची ऑर्डर अजून यायची आहे. वकिलाला सांगून अर्ज लावा, बॉण्ड लिहून द्या, आणि पुढची तारीख विचारूनच घरी जा.