फळीचं तत्त्व, साबुदाण्याची थकबाकी

बाल्कनीत झोपाळा असावा ही आईची फार दिवसांची इच्छा. मी तो ऑनलाइन मागवला. 'सागवानी झोपाळा, पितळी कड्यांसह', किंमत १८,४९९ रुपये, पैसे क्रेडिट कार्डानं. बारा दिवसांनी खोकं आलं. आईनं ओटीपी सांगितला, डिलिव्हरीच्या मुलाला पाणी दिलं, आणि त्यानं खोक्यासकट तिचा फोटो काढला तेव्हा पदर सावरून छान हसली. ते हसू पुढे पुरावा म्हणून माझ्यावरच उलटणार होतं.

खोक्यात चार पितळी कड्या होत्या. फळी नव्हती. म्हणजे 'सह' आलं होतं, ज्याच्यासह यायचं तेच आलं नव्हतं. विक्रेत्याला लिहिलं, तर उत्तर आलं की फळी वेगळी मागवावी लागते. परत घ्या म्हटलं, तर उत्तरच नाही.

मी बँकेला फोन लावला. एक दाबा, चार दाबा, नऊ दाबा करत करत शेवटी एक माणूस भेटला. त्याला म्हटलं, "माझी फसवणूक झालीय हो." पुढचं वाक्य उच्चारायच्या आत त्यानं माझं कार्ड बंद केलं.

मराठीत फसवणूक म्हणजे फसवणूक. बँकेच्या भाषेत तिच्या दोन जाती आहेत. तुमच्या नकळत तुमचं कार्ड दुसऱ्यानंच वापरलं तर तो फ्रॉड. तुम्ही शुद्धीवर असताना, स्वतःच्या हातानं ओटीपी घालून फसलात, तर तो डिस्प्यूट. "सर, ओटीपी तुम्हीच टाकला ना?" "हो." "मग फ्रॉड नाही." हे ऐकून मला उगाचच अपराधी वाटलं. नवं कार्ड यायला आठ दिवस लागले.

मग खरा फॉर्म भरला. कारण: 'वस्तू वर्णनाप्रमाणे नाही'. परत करायचा प्रयत्न केलात का, असा त्यात प्रश्न असतो, आणि त्याला उत्तर म्हणून ईमेल जोडावा लागतो. नुसत्या संतापाला तिथे किंमत नाही. मुदतही असते, अशा तक्रारींना बहुधा १२० दिवस. मी चौथ्या दिवशीच पोचलो होतो, त्यामुळे मुदतीच्या बाबतीत तरी मी निर्दोष होतो.

या प्रकाराला चार्जबॅक म्हणतात. माझी बँक नेटवर्कला सांगते, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांपैकी जे असेल त्याला. नेटवर्क विक्रेत्याच्या बँकेला सांगतं, ती विक्रेत्याला सांगते, आणि त्याचं उत्तर याच वाटेनं मागे येतं. अबोला धरलेल्या सासू-सुनांमध्ये 'त्यांना म्हणावं जेवण वाढलंय' हे नातवामार्फत चालतं, तसाच हा कारभार. फरक इतकाच की नातू निरोपाला पंचेचाळीस दिवस लावत नाही.

इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते न्यू जर्सीच्या मेहुण्याशी व्हिडिओ कॉलवर बोललो तिथे. तो म्हणाला, "आमच्याकडे १९७४ पासून कायदा आहे, फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्ट. वादातली रक्कम चौकशी होईपर्यंत भरायची नाही. आणि तुमच्या रिझर्व्ह बँकेचाही नियम आहे, शोध." मी शोधलं. २०२२ च्या निर्देशांत खरंच होतं की कार्डाच्या रकमेबद्दल वाद चालू असेल तर बँकेनं विशेष काळजी घ्यावी, आणि वाद मिटल्याशिवाय ग्राहक थकबाकीदार असल्याचं पतमाहिती, म्हणजे कोण किती वेळेवर फेडतं याची नोंद, ठेवणाऱ्या कंपन्यांना कळवू नये.

माझ्या अंगात तत्त्व संचारलं. बिल आलं होतं ४१,६११ रुपयांचं. बायको म्हणाली, "झोपाळ्याचे वगळून बाकीचे भरून टाक." मी म्हणालो, "प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे. एक पै भरणार नाही." या वाक्यानंतर आमच्या घरात नेहमी पैशांचाच प्रश्न उभा राहतो, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं. ती कणीक मळायला निघून गेली.

देय तारीख गेली. वरचे सवलतीचे तीन दिवस गेले. विलंब शुल्क लागलं. व्याज महिन्याला साडेतीन टक्के आणि शिवाय दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. उशीर केल्याचा दंड समजू शकतो, पण त्या दंडावर सेवा म्हणून कर? नेमकी कुठली सेवा मला मिळाली? त्यात एकदा बाकी राहिली की बिनव्याजी मुदतही जाते. नव्या कार्डावर घेतलेल्या कोथिंबिरीवर त्याच दिवसापासून व्याज चढू लागलं.

मग थकबाकीदार म्हणून कळवण्याआधीची सात दिवसांची नोटीस आली. मी तिला रिझर्व्ह बँकेचं वाक्य ठळक अक्षरांत टाकून अडीच पानी उत्तर पाठवलं. बँकेचं उत्तर चार ओळींचं होतं: वादातले १८,४९९ रुपये आम्ही बाजूलाच ठेवले आहेत, त्यावर व्याज नाही. बाकीचे २३,११२ रुपये वीजबिल, पेट्रोल, किराणा आणि एक दंतवैद्य यांचे आहेत. त्यांच्याबद्दल आपली काही तक्रार आहे का?

नव्हती. तत्त्व फळीचं होतं, थकबाकी साबुदाण्याची.

मेहुण्यानं 'वादातली रक्कम' म्हटलं होतं. मी त्यातलं 'भरायची नाही' एवढंच ऐकलं होतं. मी सगळे पैसे भरले, पण तोवर चौतीस दिवस झाले होते.

तिकडे विक्रेत्यानं आपला पुरावा सादर केला. याला रिप्रेझेंटमेंट म्हणतात. पुरावा एकच, आईचा हसरा फोटो. 'ग्राहकानं वस्तू समाधानानं स्वीकारली.' मला तात्पुरते जमा केलेले १८,४९९ रुपये बँकेनं परत काढून घेतले. शेवटी वाचवलं तेही आईनंच. झोपाळा मागवला त्या संध्याकाळी तिनं त्याचं चित्र नातेवाइकांच्या ग्रुपवर 'आपला झोपाळा' असं लिहून पाठवलं होतं. विक्रेत्यानं नंतर पान बदललं, पण आईच्या स्क्रीनशॉटमध्ये फळी ढळढळीत दिसत होती, वर किंमतही. खाली एकवीस मावश्या-काकवांचे अंगठे होते. तो बँकेला पाठवला आणि आम्ही जिंकलो.

त्या विजयाच्या भरात मी गाडीच्या कर्जासाठी दुसऱ्या एका बँकेत गेलो. तिथल्या मुलानं माझा सिबिल काढला. पतमाहिती ठेवणाऱ्या कंपन्या देशात चार आहेत, सिबिल त्यांतली एक, पण फोटोकॉपीला जसं आपण झेरॉक्स म्हणतो तसं या सगळ्याला सिबिलच म्हणायची रीत आहे. तीनशेपासून नऊशेपर्यंत गुण. माझे आठशे बारा होते, आता सातशे एकोणचाळीस.

"चार्जबॅकमुळे?" मी विचारलं.

"नाही सर, चार्जबॅक यात दिसतसुद्धा नाही. हे बघा." त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. दर महिन्याचा एक चौकोन, आत किती दिवस उशीर झाला तो आकडा. ०००, ०००, ०००, आणि मग एकदम ०३४. "इथे शून्य सगळ्यात चांगलं," तो म्हणाला. वडील मला विद्यार्थीदशेत 'शून्य आहेस' म्हणायचे. तेव्हा हा तक्ता हाताशी असता तर! छत्तीस महिन्यांची अशी कुंडली असते आणि त्यात हा एक मंगळ. तो हटवायचा उपाय नाही, फक्त पुढे सरकायची वाट बघायची.

शेजारचे काका निवृत्त बँकवाले. त्यांना स्फुरण चढलं. "तक्रार टाक! तीस दिवसांत नोंद दुरुस्त झाली नाही तर रोजचे शंभर रुपये भरपाई मिळते." "पण काका, नोंद बरोबर आहे." ते हिरमुसले. आमच्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात कर्ज काढलेलं नाही, उधारीवर साधी काडेपेटी घेतली नाही. कुतूहलानं त्यांचा स्कोअर काढला, तर वजा एक. इतिहासच नाही म्हणून. ते मात्र दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

मी आता रोज सकाळी दुधाच्या आधी स्कोअर बघतो. आपला आपण बघितला तर कमी होत नाही. कर्ज देणाऱ्यानं चौकशी केली तर किंचित घसरू शकतो. म्हणजे घरच्यांची दृष्ट लागत नाही, बाहेरच्यांची लागते.

कड्या न्यायला कुणी आलेलं नाही. त्या हुकांना लटकवून आईनं तात्पुरती त्यांवर पायपुसणी वाळत घातली. मग मी भवानी पेठेतल्या लाकूडबाजारात गेलो, तिथून एका सुताराचा पत्ता मिळाला. तो म्हणाला, "फळी नऊ हजार. अर्धे आता द्या, अर्धे टांगल्यावर."

अर्धे बाकी ठेवायचे म्हणताच माझ्या डोळ्यांपुढे ०३४ उभे राहिले. मी सगळे नऊ हजार तिथल्या तिथे रोख मोजून दिले.

त्याला आता दोन महिने झाले. फळी अजून यायची आहे.