पंप हळू चालवून फिस्टुला वाचत नाही

फिस्टुला म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून हातातली धमनी शिरेला जोडून तयार केलेली रक्तवाहिनी. डायलिसिसच्या रुग्णांमध्ये फिरणारा मेसेज असा (आकडे मशीनच्या रक्तपंपाचे, मिनिटाला मिली): ‘पंप २०० वरच ठेवायला सांगा. ३०० च्या वर नेला की फिस्टुला झिजतो, हृदयावर ताण येतो. चार तास भरले की रक्त तेवढंच साफ होतं.’

‘फिस्टुला झिजतो.’ चांगल्या तयार झालेल्या फिस्टुलातून मिनिटाला साधारण ६०० ते १५०० मिली रक्त वाहतं, मशीन सुरू असो वा नसो. पंप ३०० वर असला तर त्यातलंच ३०० मिली एका सुईने घेतलं जातं आणि दुसरीने परत सोडलं जातं. आठवड्याच्या १६८ तासांत पंप चालतो १२ तास.

फिस्टुला बंद पडतो तो बहुतेकदा शीर आतून जाड होऊन अरुंद झाल्यामुळे, विशेषतः धमनीच्या जोडाजवळ. त्यात जास्त पाणी काढल्याने बीपी पडलं किंवा सुया काढल्यावर पट्टी करकचून बांधली, तर गुठळी धरते. दर वेळी त्याच दोन बोटं जागेत टोचलं तर तिथली भिंत पातळ होऊन फुगा येतो. म्हणून जागा बदलत, शिडीसारखं वर सरकत टोचायचं. स्पीडपेक्षा या सवयीवर भांडलेलं बरं.

मेसेजमध्ये तथ्याचा एक कण आहे, पण तो सुईबद्दल आहे. १७ गेजची बारीक सुई (गेजचा आकडा मोठा तितकी सुई बारीक) लावून पंप ४०० वर नेला तर धमनी-दाब, म्हणजे रक्त ओढणाऱ्या नळीतला मशीनवर दिसणारा दाब, उणे २५० च्या पलीकडे जातो. रक्तपेशी फुटू शकतात आणि पडद्यावर ४०० दिसलं तरी प्रत्यक्षात रक्त कमी येतं. ३०० पर्यंत १७ गेज, ३५० पर्यंत १६, त्यापुढे १५ असा ढोबळ हिशेब असतो. शिवाय परतीची सुई शिरेबाहेर सरकली तर ३०० च्या स्पीडला सेकंदाला ५ मिली रक्त मांसात शिरतं. शिरेचा दाब (परतीच्या नळीतला) अचानक चढला, दंड टणक झाला, की आधी पंप थांबवा.

‘हृदयावर ताण येतो.’ पंप रक्त काढतो तेवढंच परत देतो. हृदयाला जड जातो तो खूप मोठा झालेला फिस्टुला, आणि तो २४ तास वाहतो. डायलिसिसमध्ये बीपी पडतं ते मुख्यतः पाणी वेगाने ओढल्यामुळे.

‘तेवढंच साफ होतं.’ चार तासांत २०० च्या स्पीडला ४८ लिटर रक्त फिल्टरमधून जातं, ३०० ला ७२ लिटर. स्पीड घटवून वेळ वाढवला नाही, तर युरियासारखी घाण रक्तात मागे राहते.

नव्या फिस्टुलाच्या पहिल्या सुया आणि डायलिसिसची पहिली काही सत्रं मुद्दाम हळू घेतात; तिथे २०० ठीक.

पण जुना फिस्टुला पूर्वी ३५० देत होता आणि आता २५० लाच अलार्म वाजवतो, तर स्पीड उतरवून गप्प बसू नका. रक्त ओढताना दाब फार उणे जात असेल, तर अडथळा बहुधा जोडाकडे असतो. परतीचा दाब चढत असेल, सुया काढल्यावर २० मिनिटं रक्त थांबत नसेल आणि हात डोक्यावर नेल्यावरही फिस्टुला चपटा न पडता ठणठणीत उडत राहत असेल, तर अडथळा पुढे खांद्याकडे असण्याची शक्यता जास्त. डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) तेव्हाच करून घ्या. अरुंद जागा शिरेत छोटा फुगा घालून, तो फुगवून रुंद करता येते, गुठळी झाल्यावर तेच काम अवघड होतं. फिस्टुलावर हात ठेवल्यावर जाणवणारी थरथर पूर्ण थांबली असेल तर पुढच्या सत्राची वाट न पाहता त्याच दिवशी युनिटला कळवा.